लेबनॉनमध्ये सीओपीडीसाठी ॲडमिट होताना: उपचार चांगले, घरी पाठवणं कच्चं

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, असलेला रुग्ण धाप वाढून बैरूत, सैदा किंवा त्रिपोलीच्या हॉस्पिटलात पोचला, की पहिले दोन दिवस त्याची होणारी वैद्यकीय देखभाल आजही चांगल्या दर्जाची आहे. घोळ सुरू होतो पाचव्या-सहाव्या दिवशी. तोवर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरलेला असतो, रुग्ण सलग वाक्य बोलू लागलेला असतो, खाट दुसऱ्याला हवी असते आणि बिल रोज फुगत असतं. मग ‘ऑक्सिजन दोन लिटर, घरी चालू ठेवा’ एवढं लिहून त्याला अशा घरी धाडलं जातं, जिथे सरकारी वीज दिवसाचे मोजके तासच येते. तिथून तो परत येतो.

हे परीक्षण कुणा एका हॉस्पिटलचं नाही. ॲम्ब्युलन्सपासून घरातल्या प्लगपर्यंतच्या सगळ्या साखळीचं आहे. आमचे गुण: तातडीचे उपचार ५ पैकी ४, वॉर्डातला ऑक्सिजन आणि वीज ३, औषधं २.५, पैशांचा व्यवहार १.५, आणि डिस्चार्ज १.

लेबनॉनचं आर्थिक संकट २०१९ च्या शेवटी सुरू झालं. १९९७ पासून डॉलरला साधारण १,५०७ लिरा असा बांधलेला दर होता. २०२३ नंतर तो ८९,५०० च्या आसपास स्थिरावला. जागतिक बँकेने २०२१ मध्ये या कोसळण्याची गणना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या जगातल्या सर्वांत भीषण दहा, कदाचित तीन, आर्थिक संकटांमध्ये केली. फुप्फुसाच्या रुग्णाला हे सगळं फार थेट जाणवतं. इनहेलर आयात होतं, बायपॅपचा, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या यंत्राचा, मास्क आयात होतो, रक्तातले वायू तपासायच्या यंत्राची कार्ट्रिज आयात होते, जनरेटरचं डिझेलही बाहेरूनच येतं. म्हणजे श्वासाला लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूसाठी डॉलर मोजावे लागतात.

ॲम्ब्युलन्स आणि पहिला तास

लेबनीज रेड क्रॉसचा १४० हा नंबर या साखळीतला सर्वांत भरवशाचा दुवा आहे. सेवा मोफत आहे आणि कर्मचारी प्रशिक्षित आहेत. फोन करणाऱ्याने एक वाक्य आवर्जून सांगायचं: रुग्णाला सीओपीडी आहे, रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांमध्येच ठेवा. कार्बन डायऑक्साइड साठवणाऱ्या रुग्णाला घाबरून १५ लिटरचा पिशवीवाला मास्क लावला, तर पल्स ऑक्सिमीटरवर ९९ दिसतं, घरच्यांना हायसं वाटतं आणि रुग्ण गुंगीत जातो. टास्मानियात झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲम्ब्युलन्सपासूनच मोजूनमापून ऑक्सिजन दिला, तेव्हा खात्रीचं सीओपीडी निदान असलेल्या रुग्णांमधले मृत्यू ७८ टक्क्यांनी कमी झाले. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय या आजारात क्वचितच सापडेल. त्यासाठी लागतो फक्त एक व्हेंचुरी मास्क, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण ठरलेलं ठेवणारा मास्क, २४ किंवा २८ टक्क्यांचा. तोही नसेल तर नाकातल्या नळीने मिनिटाला एक ते दोन लिटर.

जास्त ऑक्सिजन आधीच दिला गेला असेल, तर तो एकदम काढायचा नाही. तसं केलं तर ऑक्सिजनची पातळी मूळच्यापेक्षाही खाली कोसळते. २८ टक्क्यांच्या व्हेंचुरीवर उतरवून, मोजत मोजत खाली यायचं.

तातडीच्या विभागात पुढचं काम ठरलेलं असतं आणि इथली मंडळी ते नीट करतात: श्वासनलिका उघडणारं साल्ब्युटामॉल २.५ ते ५ मिलिग्रॅम आणि इप्राट्रोपियम ०.५ मिलिग्रॅम वाफेतून, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम रोज एकदा पाच दिवस, बेडका पिवळा-हिरवा झाला असेल तर पाच ते सात दिवस प्रतिजैविक. ही औषधं जुनी आणि तुलनेने स्वस्त आहेत, त्यामुळे संकटातही ती बहुधा मिळतात. स्टेरॉइड पाच दिवसांपुढे लांबवलं जात असेल तर कारण विचारावं. फायदा वाढत नाही, साखर मात्र वाढते.

चूक हमखास होते ती वाफ देताना. भिंतीतल्या ऑक्सिजनवर नेब्युलायझर चालवायचा तर मिनिटाला ६ ते ८ लिटर लागतात, म्हणजे जपून ठेवलेलं ८८ ते ९२ चं गणित दर चार तासांनी मोडतं. कार्बन डायऑक्साइड वाढलेल्या रुग्णाला हवेच्या काँप्रेसरवर वाफ द्यायची आणि त्या वेळी नाकातली नळी चालू ठेवायची. काँप्रेसर नसेलच, तर ऑक्सिजनवरची वाफ सहा मिनिटांत थांबवायची. वीज अगदीच बेभरवशाची असेल तर स्पेसर, म्हणजे इनहेलर आणि तोंड यांमधली पोकळ नळी, लावून साल्ब्युटामॉलचे चार ते दहा फवारे, एकेक करून, तेवढंच काम करतात. स्पेसर मिळत नसेल तर ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला इनहेलरच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून घट्ट बसवावं. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दम्याच्या मुलांवर झालेल्या चाचणीत अशी बंद बसवलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली होती.

एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू, ही तपासणी कार्ट्रिजअभावी पुढे ढकलली जात असेल तर शिरेतल्या रक्ताची तरी करावी. शिरेतला पीएच (रक्ताच्या आम्लतेचं माप) धमनीपेक्षा साधारण ०.०३ ने कमी दिसतो, आणि शिरेतला कार्बन डायऑक्साइड ४५ च्या खाली असेल तर धमनीत तो धोकादायक वाढलेला असण्याची शक्यता फार कमी. जी एक-दोन कार्ट्रिज हाताशी असतील ती बायपॅप लावण्याआधी आणि लावल्यावर एका तासाने वापरावीत. खरा निर्णय त्याच दोन आकड्यांवर होतो.

बायपॅप

पीएच ७.३५ किंवा खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५ मिलिमीटरच्या वर असेल तर मास्कने श्वास देणारं यंत्र लावतात. सुरुवात श्वास आत ढकलणाऱ्या दाबाला १०-१२ आणि उच्छ्वासाच्या वेळच्या दाबाला ४-५ सेंटिमीटर. पहिल्या तासाभरात आतला दाब २० च्या आसपास न्यायचा. दाब १२ वरच अडकून राहिलेला असेल, तर रुग्ण ‘बायपॅपवर आहे’ एवढंच खरं, उपचार होत नाहीयेत.

इथे दोन गोष्टी आम्हाला खटकतात. पहिली मास्कची. एका नळीच्या यंत्राला मास्कवर किंवा नळीवर उच्छ्वास बाहेर जायचं छिद्र लागतं. दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरसाठी बनवलेला छिद्र नसलेला मास्क टंचाईत कधी कधी याच यंत्राला जोडला जातो आणि रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढत राहतो. मास्क लावल्यावर छिद्रासमोर हात धरून हवा सुटतेय का ते पाहावं. चादरीने किंवा चिकटपट्टीने ते झाकलं गेलेलं नाही याकडेही लक्ष हवं. दुसरी गोष्ट बॅटरीची. घरगुती प्रकारच्या बऱ्याच बायपॅप यंत्रांना आत बॅटरी नसते. वीज गेली की पंखा थांबतो. अशा वेळी मास्क तोंडावर ठेवून वाट बघायची नाही. मास्क उतरवायचा, नाकात नळी घालायची, यंत्र परत चालू झाल्यावर पुन्हा लावायचं. रात्री सोबत थांबणाऱ्या नातेवाइकाला हे करून दाखवलेलं असायला हवं, कारण नर्स कमी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितलं होतं, की देशातले जवळपास ४० टक्के डॉक्टर आणि ३० टक्के नर्स कायमचे किंवा तात्पुरते बाहेर गेले आहेत. बायपॅपचं यश पहिल्या चार तासांत मास्क कोण नीट करतं यावर असतं. ज्या वॉर्डात रात्री एक नर्स बऱ्याच खाटा सांभाळते, तिथे उत्तम यंत्रही निकामी ठरतं.

वॉर्डातला ऑक्सिजन आणि वीज

हॉस्पिटलचा जनरेटर वीज गेल्यावर साधारण दहा सेकंदांत भार उचलतो. तेवढ्या काळापुरती जीवरक्षक यंत्रं यूपीएसवर असतात. खाटेजवळचा कोणता सॉकेट यूपीएसवर आहे (बऱ्याच ठिकाणी तो लाल असतो) हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं आणि तिथे मोबाइलचा चार्जर लावू नये. खरा धोका त्या दहा सेकंदांचा नाही, डिझेल संपण्याचा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरूतच्या मेडिकल सेंटरला जाहीर करावं लागलं, की इंधन न मिळाल्यास श्वासयंत्रांवरचे ४० प्रौढ आणि १५ मुलं तत्काळ दगावतील. देशातल्या सर्वांत नामांकित हॉस्पिटलची ही अवस्था होती. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी देर अम्मार आणि झहरानी ही दोन मोठी वीजकेंद्रं बंद पडून अख्ख्या देशाचं वीजजाळं विझलं. ऑगस्ट २०२४ मध्ये झहरानीचं इंधन संपलं आणि तेच पुन्हा घडलं.

ऑक्सिजन द्रवरूप टाकीतून, हॉस्पिटलच्या स्वतःच्या प्लांटमधून किंवा सिलिंडरमधून येतो. टाकी टँकरवर अवलंबून, प्लांट विजेवर, सिलिंडर भरून आणणाऱ्या ट्रकवर. मार्च २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत साठा खालावला तेव्हा शेजारच्या सीरियाने, जो स्वतः युद्धाने पोखरलेला होता, ७५ टन ऑक्सिजन द्यायचं कबूल केलं होतं. म्हणून कोणत्याही हॉस्पिटलात विचारायचा प्रश्न एकच: मुख्य पुरवठा थांबला तर मॅनिफोल्डवर, म्हणजे राखीव सिलिंडर एकत्र जोडतात तिथे, किती तासांचे सिलिंडर आहेत?

सिलिंडरचा हिशोब तोंडपाठ असावा. पाण्याच्या मापातले लिटर गुणिले बारमधला दाब. १० लिटरचा सिलिंडर १५० बारवर म्हणजे १,५०० लिटर. दोन लिटरच्या प्रवाहाने साडेबारा तास. ४० लिटरचा म्हणजे ६,००० लिटर. त्याच प्रवाहाने पन्नास तास. शेवटचे १०-१५ बार शिल्लक धरायचे. हाच मोठा सिलिंडर मिनिटाला ४० लिटरच्या हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून मोठा प्रवाह देणाऱ्या यंत्रावर, शुद्ध ऑक्सिजन देत अडीच तासांत रिकामा होतो. सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांना एवढ्या प्रवाहाची गरजच नसते, त्यामुळे टंचाईच्या ठिकाणी ‘आमच्याकडे हाय-फ्लो आहे’ या जाहिरातीचं आम्हाला कौतुक नाही.

वॉर्डातली स्वच्छता, जेवण, बोलणं-वागणं याबद्दल तक्रारीला जागा नाही.

औषधं

हॉस्पिटलातली औषधं मिळतात. अडतं ते घरी न्यायच्या इनहेलरपाशी. नोव्हेंबर २०२१ मध्ये जुनाट आजारांच्या औषधांवरचं अनुदान मोठ्या प्रमाणात कमी झालं आणि महिन्याचा इनहेलर पगाराच्या मोठ्या हिश्शाएवढा झाला. लोक फवारे वाचवू लागतात, दोनाचा एक करतात, आणि तिथूनच पुढच्या ॲडमिशनचा रस्ता सुरू होतो. आरोग्य मंत्रालय आणि वायएमसीए यांचा जुनाट आजारांच्या औषधांचा कार्यक्रम प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून चालतो. डिस्चार्जच्या आधी, खाटेवर असतानाच, घराजवळच्या केंद्रात नाव घालून घ्यावं आणि तिथे प्रत्यक्ष काय उपलब्ध आहे ते विचारून मगच डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्यावी. जे तिथे मिळतच नाही ते लिहून घेण्यात अर्थ नाही.

नातेवाइकांनी परदेशातून सामानात आणलेल्या औषधांबाबत एक सापळा सांगायलाच हवा. सालमेटेरॉल-फ्लुटिकासोनचा २५/२५० चा फवारा दोनदा ओढला की ५०/५०० च्या पावडरच्या एका मात्रेइतकं औषध होतं. चिठ्ठीवर ‘एक पफ सकाळ-संध्याकाळ’ आणि हातात फवाऱ्याचा डबा, म्हणजे रुग्ण महिनाभर निम्म्या औषधावर. उपकरण बदललं की ओढायची पद्धतही बदलते: फवारा सावकाश आणि खोल, पावडर जोरात आणि पटकन. दोन्हींत दहा सेकंद श्वास रोखायचा. वॉर्ड सोडण्याआधीचे चोवीस तास रुग्णाने नेब्युलायझर बंद ठेवून, घरी जे वापरणार तेच उपकरण वापरलेलं असलं पाहिजे. हे जिथे करून घेतात त्या वॉर्डाला आम्ही डोळे झाकून एक गुण वाढवून देऊ.

पैसे

विमा नसलेल्या लेबनीज नागरिकासाठी आरोग्य मंत्रालय शेवटचा आधार आहे: नियमाप्रमाणे सरकारी हॉस्पिटलात ९५ टक्के, खासगीत ८५ टक्के खर्च मंत्रालयाचा. सामाजिक सुरक्षा निधीचे सभासद असाल तर ९० टक्के. कागदावर हे उत्तम आहे. पण हे टक्के सरकारी दरपत्रकाचे. लिरा कोसळला, दरपत्रक खूप मागे राहिलं आणि मधली तफावत रुग्णाच्या गळ्यात पडली. बँकेत अडकलेले जुने डॉलर, ज्यांना तिथे ‘लोलार’ म्हणतात, चालत नाहीत. हॉस्पिटलला ‘फ्रेश’, म्हणजे रोख डॉलर लागतात. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी यूएनआरडब्ल्यूए ही संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे, आणि पॅलेस्टाइन रेड क्रिसेंटची हॉस्पिटलं आहेत. सीरियन निर्वासितांना मिळणारी मदत आधीपासूनच जिवावर बेतलेल्या प्रसंगांपुरती राहिली होती. जुनाट आजार पुरेसा बिघडेपर्यंत थांबायचं आणि मग आयसीयूचं बिल भरायचं, असा या व्यवस्थेचा उलटा न्याय आहे. त्याचा आम्हाला मनापासून राग येतो.

अनामत भरण्याआधी लेखी अंदाजपत्रक मागावं आणि त्यात चार ओळी वेगळ्या लिहून घ्याव्यात: बायपॅपचं दिवसाचं भाडं, ऑक्सिजन तासावर की दिवसावर, एबीजीची एका खेपेची किंमत, मास्क-नळीसारख्या एकदा वापरायच्या वस्तू. बिल फुगतं ते याच चार ठिकाणी. मास्कचे पैसे भरले असतील तर तो घरी घेऊन जावा, तो तुमचा आहे.

डिस्चार्ज: जिथे सगळं फसतं

घरी ऑक्सिजन कुणाला लागतो याचा निकष स्पष्ट आहे. तब्येत स्थिर असताना धमनीतला ऑक्सिजन ५५ मिलिमीटर किंवा खाली, अथवा ऑक्सिमीटरवर ८८ किंवा खाली. घ्यायचा तर दिवसाला किमान १५ तास. अडचण या १५ तासांची आहे. सरकारी वीज, गल्लीतल्या खासगी जनरेटरची वर्गणी म्हणजे ‘इश्तिराक’, आणि छतावरचं सोलर या तिन्हींची मोट बांधल्याशिवाय हे तास भरत नाहीत. डिझेल महागलं की जनरेटरवाले मध्यरात्रीनंतर बंद करतात; झोपेत या रुग्णांचा ऑक्सिजन सर्वांत खाली जातो तीच ही वेळ.

म्हणून अँपिअरमध्ये विचार करावा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, साधारण ३५० वॅट खातो, २२० व्होल्टवर म्हणजे १.६ अँपिअर. पाच अँपिअरच्या इश्तिराकवर तो, फ्रिज आणि दिवे बसतात. त्यात कुणी पाण्याची किटली किंवा विजेचा हीटर लावला की ब्रेकर पडतो. दहा लिटरचं यंत्र ६०० वॅटच्या घरात जातं, म्हणजे २.७ अँपिअर. दोन लिटर लागणाऱ्या रुग्णाला दहा लिटरचं यंत्र ‘असू दे जास्तीचं’ म्हणून देणाऱ्यांना हा फरक परवडतो का ते विचारावं. प्रवाह कमी केला की वीज वाचते हाही गैरसमज आहे. बहुतेक स्थिर यंत्रांचा काँप्रेसर एकाच वेगाने फिरतो. एक लिटर असो की पाच, वीज जवळपास तेवढीच.

रात्रीचे दहा तास म्हणजे साडेतीन युनिट, इन्व्हर्टरचं नुकसान धरून चार. ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची एक लिथियम बॅटरी ५.१ युनिटची, ती हे कसंबसं ओढते, फ्रिज त्यावर नसेल तरच. १२ व्होल्ट २०० अँपिअर-तासांची साधी लेड-ॲसिड बॅटरी कागदावर २.४ युनिट, पण निम्मीच वापरायची असते. म्हणजे तीन तास. इन्व्हर्टर प्युअर साइनच हवा, किमान १,००० व्हीए, कारण काँप्रेसर सुरू होताना काही पट जास्त ओढतो. स्वस्तातल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मोटर तापते आणि काही महिन्यांत जळते. चार्जिंगचा प्रवाह सेटिंगमध्ये जाऊन १० अँपिअरवर बांधावा: भिंतीतून साधारण २.६ अँपिअर, वर कॉन्सन्ट्रेटरचे १.६, एकूण ४.२. अशा रीतीने पाच अँपिअरच्या वर्गणीत यंत्र चालतं आणि रात्री वापरलेली बॅटरी आठ तासांत भरते. चार्जर आल्यापासूनच्या २० अँपिअरवर राहिला तर तो एकटाच सगळी वर्गणी खातो आणि ब्रेकर पडत राहतो.

बॅटरीचं बजेट नसेल तर १० लिटरचे दोन सिलिंडर, रेग्युलेटर आणि सिलिंडर उघडायची किल्ली. एक लावलेला, एक भरलेला. नुसता सिलिंडर देऊन किल्ली न देणारे भाड्याचे दुकानदार फार आहेत.

यंत्र भाड्याने घेताना त्याचा तासमीटर पाहावा आणि ऑक्सिजन ॲनालायझर लावून दाखवायला सांगावं. चालू केल्यावर दहा मिनिटांनी, रुग्णाला लागणाऱ्या प्रवाहावर ९० ते ९६ टक्के आले पाहिजेत. ८२ च्या खाली यंत्राने स्वतःच इशारा द्यायला हवा. प्लग उपटून पाहावा: वीज गेल्याचा अलार्म वाजला नाही तर यंत्र परत करावं, कारण रात्री जाग आणणारी तीच एक गोष्ट आहे. यंत्र भिंतीपासून वीतभर तरी दूर, आणि जनरेटरच्या धुराकडच्या बाल्कनीत मुळीच नको. बैरूतमध्ये बाहेरची जाळी आठवड्यातून दोनदा धुवावी लागते. काजळीने ती बुजली की काँप्रेसर तापतो आणि शुद्धता घसरते. पाण्याची बाटली चार लिटरच्या खालच्या प्रवाहाला लागत नाही. ती काढून टाकावी; गळती बहुतेक वेळा तिच्याच झाकणातून होते. नाकातली नळी ग्लासभर पाण्यात बुडवली की बुडबुडे दिसले पाहिजेत. महिनोन्‌महिने बंद पडून राहिलेलं यंत्र स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. आतला झिओलाइट, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे खडे, ओलावा पिऊन निकामी झालेला असतो.

खांद्यावरच्या छोट्या पोर्टेबल यंत्रांबद्दल स्पष्ट सांगतो. त्यावरचा ‘२’ हा आकडा मिनिटाला दोन लिटर नव्हे. ती श्वास ओढल्यावरच ऑक्सिजनचा छोटा झोत देतात, आणि झोपेत तोंडाने उथळ श्वास घेणाऱ्या रुग्णाचा श्वास त्यांना कळतच नाही. रात्रीसाठी हा पर्याय म्हणून विकला जात असेल तर नाही म्हणावं.

आमची खरी मागणी साधी आहे. भाड्याचं यंत्र डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डात आणावं आणि रुग्णाला भिंतीतल्या ऑक्सिजनऐवजी त्यावर एक रात्र ठेवावं. सकाळी ऑक्सिमीटरच्या नोंदी पाहाव्यात, कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवावं. एवढ्या एका रात्रीत यंत्र, नळी, प्रवाह आणि नातेवाईक या चौघांची परीक्षा होते. एका खाटेचं एका रात्रीचं भाडं पुन्हा ॲडमिट होण्यापेक्षा नेहमीच स्वस्त.

कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्यांसाठी आणखी एक पायरी आहे. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा एबीजी करून तो ५३ मिलिमीटरच्या वर टिकला असेल तर घरी रात्रीचा बायपॅप विचारात घ्यावा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, अशा रुग्णांना ऑक्सिजनच्या जोडीला घरी बायपॅप दिला तेव्हा पुन्हा ॲडमिट होईपर्यंतचा किंवा मृत्यूपर्यंतचा मध्यम काळ १.४ महिन्यांवरून ४.३ महिन्यांवर गेला. विजेच्या दृष्टीने हे यंत्र कॉन्सन्ट्रेटरच्या मानाने किरकोळ आहे, पण गरम पाण्याचा ह्युमिडिफायर बंद ठेवला तरच. बॅटरीवर तो बंदच ठेवावा.

घरातल्या हवेची चौकशी कुणी करत नाही. बिका खोऱ्यात आणि डोंगरातल्या गावांत हिवाळ्यात ‘सोबिया’, म्हणजे घर तापवायची शेगडी, पेटते. डिझेल महागल्यापासून तिच्यात लाकूड, कधी प्लास्टिकही जळतं. खाली जनरेटरचा धूर, आत नर्गिलेचा, म्हणजे हुक्क्याचा, कोळसा. या तिन्हींतून कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजून ९५ दाखवतो. घरी असा धूर असलेल्या रुग्णाच्या बोटावरच्या आकड्यावर विसंबून ऑक्सिजन नाकारू नये. एबीजी यंत्रावर कार्बोक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन, बघावं. बालबेक समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे, बशर्रे त्याहून वर. बैरूतच्या वॉर्डात ९० असलेला रुग्ण तिथल्या घरी ८८ च्या खाली जाऊ शकतो. ऑक्सिजनची नळी आणि सोबिया यांत किमान तीन मीटर अंतर हवं, आणि नळी नाकात असताना घरात कुणीही सिगारेट पेटवायची नाही. नळी काढून ठेवली तरी कपडे आणि गादी काही वेळ ऑक्सिजनने भरलेली असतात.

२०२४ च्या शरद ऋतूत युद्ध भडकलं तेव्हा दहा लाखांहून अधिक माणसं घरं सोडून निघाली आणि बरीच शाळांच्या वर्गांत राहिली. कॉन्सन्ट्रेटर १४ किलोच्या आसपासचा. जिन्यावरून पळताना तो मागेच राहतो. दारामागे कायम भरलेली पिशवी असावी: दोन लिटरचा छोटा सिलिंडर (१५० बारवर ३०० लिटर, एक लिटरने पाच तास), रेग्युलेटर, किल्ली, दोन नळ्या, स्पेसरसह साल्ब्युटामॉल, पाच दिवसांचं प्रेडनिसोलोन आणि शेवटच्या एबीजीची प्रत.

डिस्चार्जच्या कागदावर काय लिहिलेलं असावं, तेही नमुन्यादाखल देतो. ‘ऑक्सिजन १.५ लिटर, नाकातल्या नळीने, लक्ष्य ८८-९२. रात्री ९ ते सकाळी ८ अखंड, दुपारी आणखी ४ तास. वीज: सरकारी अनिश्चित, इश्तिराक ५ अँपिअर संध्याकाळी ५ ते १२, मध्यरात्रीनंतर बॅटरी. राखीव १० लिटर सिलिंडर, दीड लिटरने १५ तास. ॲम्ब्युलन्स १४०, त्यांना लक्ष्य सांगणे. ६० ते ९० दिवसांनी ऑक्सिजनशिवाय पुन्हा तपासणी.’ शेवटची ओळ बहुतेक ठिकाणी गाळली जाते. तीव्र बिघाडानंतर दिलेला ऑक्सिजन बऱ्याच रुग्णांना तीन महिन्यांनी लागत नाही. तपासणी झाली नाही तर घरचे त्यासाठी भाडं आणि डिझेल भरतच राहतात.